नापासांच्या म्याडम

पंचफुला मेश्राम कोंढ्याजवळच्या एका हायस्कुलात गणित शिकवायच्या. वडील मंगरू दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी-कापणी करून घर चालवणारे, आणि मोहल्ल्यातली पहिली बी.एस्सी. झालेली मुलगी म्हणजे पंचफुला. पण ती पदवीही सरळ मिळाली नव्हती. पहिल्याच वर्षी पंचफुला भौतिकशास्त्रात नापास झाली, तेव्हा पवनीच्या स्टँडवरून गावात यायला तिचे पाय उचलेनात. मंगरूने निकाल ऐकला, हातातला तंबाखू मळत विचारलं, "परीक्षा परत होते का?"

"होते."

"मंग रडून काहून राहिली? धानाचे पऱ्हे सडले तर लोक दुसरी रोपं टाकतेत. बांधी पडीत नाही ठेवत कोणी."

पुढे नोकरी लागली, केसांत पांढरं दिसू लागलं. जवळच्या धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली मुलंही आता त्यांच्या वर्गात बसू लागली होती. गावठाण नवं, घरं नवी, शेत मात्र बऱ्याच जणांना उरलेलं नव्हतं.

दोन हजार बाराची दिवाळी झाली आणि दहावीचे सहामाहीचे पेपर तपासून हाती आले. गणितात अर्धा वर्ग आपटला होता. मुख्याध्यापक मधुकरराव माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा एक रिवाज होता. प्रार्थनेला नापासांची नावं मार्कांसकट वाचायची. लाजेने पोरं अभ्यासाला लागतात, असं त्यांचं म्हणणं.

"माझ्या वर्गाची नावं नका वाचू सर," पंचफुला म्हणाल्या.

"काहून? मागच्या सालीही वाचली होती न."

"वाचली. दुसऱ्या दिवशी किती पोरं वर्गात आली होती, ते आठवा. जे येतच नाहीत, त्यांना मी शिकवू कशी?"

मधुकररावांनी चष्मा काढून पुसला. "प्रीलिमपर्यंत पाहतो. मंग तुम्ही आणि तुमचा वर्ग."

पंचफुलांनी पेपर घडी घालून एकेकाच्या हातात दिले. वर्गात कोणी कोणाकडे पाहिना. त्या म्हणाल्या, "मार्क कमी आहेत. चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. आज वाईट वाटून घ्या, घरी जा, जेवा. उद्या हाच पेपर घेऊन या. कुठं आलं नाही, कुठं घाई झाली आणि कुठं भिऊन हातच लावला नाही, ते पाहू."

दुसऱ्या दिवशी बरेच जण आले. रीता आली नाही. तिला ऐंशीपैकी अकरा होते. तिच्या मैत्रिणीने सांगितलं, रीताने पेपर फाडून तलावात टाकला आणि आता ती आईसोबत धान कापायला जाते.

शनिवारी शाळा सुटल्यावर पंचफुला त्या बांधीवर गेल्या. रीताची आई चंद्रभागाबाई कमरेत वाकून कापत होती. रीताने म्याडमना पाहिलं आणि इळा आणखी जोरात चालवायला लागली. बाप भय्याजी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर पेंड्या रचत होता. पूर्वी त्याचं स्वतःचं शेत होतं. आता तो धरणात मासे धरायचा आणि हंगामात मजुरी करायचा.

"कायले एवढ्या दूर आल्या म्याडम," तो म्हणाला. "पोट्टीच्या डोस्क्यात गणित नाही. अकरा मार्क म्हणजे काय होते?"

"कमीच होते भय्याजीभाऊ. पण डोकं नाही, हे त्या अकरावरून नाही समजत." मग त्या रीताकडे वळल्या. "पेपर फाडला तर फाडला. उणे चार आणि उणे तीन, मिळून किती?"

"मले नाही येत म्याडम."

"सांग तर. चुकलं तर कोणी इळा मारत नाही."

"एक," रीता पुटपुटली.

पंचफुला धुऱ्यावर बसल्या. "बाबा धरणात जातो न? समज, पाणी चार हात खाली उतरलं. मंग आणखी तीन हात उतरलं. आता किती खाली?"

"सात हात."

"वर का खाली?"

"खालीच न जी."

"तेच उणे सात."

रीताने इळा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे सहावीपासून माह्यं चुकूनच राहिलं?"

तिने सांगितलं, सहावीत नव्या गावठाणात घराचं बांधकाम चाललं तेव्हा धाकट्या भावाला सांभाळायला तिला घरी ठेवलं होतं. ती परत शाळेत गेली, तोवर उण्या संख्या शिकवून झाल्या होत्या. नंतरच्या प्रत्येक वर्षाचं बीजगणित त्या भोकावर रचलं गेलं. हे ऐकून चंद्रभागाबाई कापायची थांबली. "आमीच ठेवलं होतं वं तुले घरी," एवढंच म्हणाली. सोमवारी भय्याजीच पोरीला शाळेपर्यंत सोडून गेला.

त्या हिवाळ्यात पंचफुला शाळा सुटल्यावर तासभर थांबायच्या आणि सहावी-सातवीची गणितं घ्यायच्या. दहावीच्या पोरांना आधी लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. स्वतःची चूक फळ्यावर येऊन समजावून सांगायची, असा त्यांनी नियमच केला. धम्मदीप नावाचा उंच पोरगा तर म्हणायचा, "म्याडम, आज माझी चूक लय भारी आहे, पहिला नंबर माझा." सगळं काही जमलं असं नाही. वर्गातली खुशबू दिवाळीनंतर आलीच नाही. पंचफुला तिच्या घरी दोनदा जाऊन आल्या, दोन्ही वेळा दाराला कुलूप. पोरगी मामाकडे नागपूरला कामाला गेली, असं शेजारणीने सांगितलं. ते त्यांना बरेच दिवस लागून राहिलं.

प्रीलिमला रीताला तेवीस पडले. ती रडली. पण दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन, चुका पेन्सिलीने खुणावूनच आली. मधुकररावांनी त्या वर्षी नावं वाचली नाहीत.

जूनमध्ये बोर्डाचा निकाल लागला. रीता काठावर का होईना, पास झाली. भय्याजीने म्याडमच्या घरी मासे पाठवले. धम्मदीप गणितात गेला.

निकालाच्या दिवशी नापास पोरं सहसा दिसत नसत. कोणी मामाच्या गावी जाई, कोणी धरणाच्या भिंतीवर एकटं बसून राही. पंचफुला धम्मदीपच्या घरी जायला म्हणून चप्पल घालत होत्या, तोच अंगणात सायकल टेकवल्याचा आवाज आला. डोळे लाल झालेला धम्मदीप दारात उभा होता.

"म्याडम, तीन मार्कांनी गेलो," तो म्हणाला. "आज वाईट वाटून घेतो, घरीच राहतो. ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी उद्या किती वाजता येऊ?"

"सकाळी ये," त्या म्हणाल्या. "आधी घरी जाऊन जेव."