आमच्या साडूंचं भिणं

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर तो घराबाहेर न पडल्यामुळं माझ्या पाहण्यात आलेला नाही. मी उगाच कुणाला नावं ठेवत नाही आणि उगाच कुणाचं कौतुकही करत नाही. शाळा चौथीत सुटली, पण माणूस मला कळतो. साडू कुत्र्याला भ्यायचे, पोलिसाला भ्यायचे, पोस्टमनला भ्यायचे, कारण पोस्टमन कधीतरी तारही आणतो. सावेडीतल्या बंगल्यांच्या दारावरच्या बेलला तर ते इतके भ्यायचे, की करंट बसेल म्हणून बोटानं बटन न दाबता खिशातल्या लाकडी कंगव्यानं दाबायचे, आणि दाबून झालं की मागं सरून फाटकापाशी उभे राहायचे. कुत्रं आलंच तर पळायला अंतर पाहिजे. आणि अशा माणसानं जन्मभर धंदा कुठला केला, तर लोकांच्या दिवाणखान्यातले किमती गालिचे स्वतःच्या अंगावर घेऊन धुवायचा.

तरुणपणी ते भिंगारच्या बाजूला लष्कराच्या मेसात झाडलोट करायला होते. तिथं एका म्हाताऱ्या उस्तादानं त्यांना हे काम शिकवलं आणि कामाबरोबर भीतीही शिकवली. गालिचा धुणाऱ्याला एकच मरण असतं, ते म्हणजे रंग सुटणं. लाल रंग एकदा पांढऱ्या वेलबुट्टीत उतरला की देव आला तरी तो परत लालात जात नाही. त्यामुळं गालिचा हातात आला की साडू आधी आपल्या धोतराचा सोगा ओला करून त्याच्या कोपऱ्यावर घासायचे आणि सोगा उन्हात धरून बघायचे. पांढरा दिसला तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. मग मला बघायला लावायचे, मग माझ्या बायकोला. त्यांच्या सगळ्या धोतरांचे सोगे तांबूस, निळसर झाले होते, आणि नवीन माणसाला वाटायचं की हा गृहस्थ बारा महिने रंगपंचमी खेळतो.

माझी पारनेर रस्त्याला थोडी जमीन आहे, विहीर आहे आणि शहाबादी फरशी बसवलेलं खळं आहे. गालिचा धुवायला इतकी चांगली जागा नगरमध्ये नाही, हे मी सांगतो म्हणून नाही, साडू स्वतः म्हणायचे. टेम्पोतून ते गालिचे घेऊन यायचे आणि बरोबर हत्यारांचं पोतं. त्या पोत्यातली एक वस्तू दुकानातून त्या कामासाठी विकत घेतलेली असेल तर शपथ. धूळ झाडायला सायकलच्या फाटक्या टायरचा पट्टा, बांबूला तारेनं आवळलेला. लोकर विंचरायला घोड्याचा खरारा, मेसातून सुटताना आणलेला. लोकरीत रुतलेल्या टाचण्या आणि काचा काढायला छत्रीची काडी वाकवून केलेला आकडा. मेणबत्तीचं मेण खरवडायला दगडावर घासून पातळ केलेला चमचा. पाणी मारायला पाठीवर बांधायचा औषध फवारणीचा पंप, पण त्यात औषध कधी घातलं नव्हतं. तरी दर वेळी पंप माझ्या नाकाला लावायचे.

"थोरलं पाव्हणं, औषधाचा वास येतोय का बघा."

"अहो, कोरा करकरीत पंप आणलाय तुम्ही."

"पंप नवाच हाय. पन दुकानात त्याच्या शेजारी औषधाचे डबे हुते."

सगळ्यांत मोठं हत्यार म्हणजे उसाच्या रसाचा लाकडी चरक. एक रसवंती बंद पडली तेव्हा त्यांनी तो उचलला आणि माझ्या खळ्याच्या कडेला उभा केला. सतरंज्या आणि लहान गालिचे त्यातून पिळून काढायचे. चरकाचे घुंगरूसुद्धा काढू दिले नाहीत. म्हणायचे, घुंगरू वाजतात तोवर बोटं सांभाळायची आठवण राहते. मग काय, उन्हाळ्यात रस्त्यानं जाणारी माणसं घुंगरांच्या आवाजानं थांबायची. एकदा एक ट्रकवाला खाली उतरून म्हणाला, "दोन फुल, बिनबर्फाचे," आणि चरकातून निघालेली सतरंजी आणि खालच्या बादलीतलं काळं पाणी बघून तसाच परत ट्रकात चढला. मी हसून हसून खाली बसलो. साडू मात्र तो ट्रक दिसेनासा होईपर्यंत चरकामागं उभे होते. तक्रार करील म्हणाले.

असं हे भिणं होतं, वरवरचं, आम्हाला हसायला पुरेल इतकं. खरी भीती मी पाहिली ती त्यांच्या थोरल्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी.

मुलगी शहाणी, दहावी झालेली, पण तीन ठिकाणी बोलणी होऊन मोडलेली. चौथं स्थळ अकोले तालुक्यातलं, डोंगरातल्या गावचं. भाताची शेती, मुलगा शाळेत शिपाई. पाहणं झालं, पसंती झाली, साखरपुडा ठरला. मुलाचे आजोबा भंडारदऱ्याला साहेबांच्या बंगल्यावर राखणदार होते, आणि कुणा साहेबानं जाताना त्यांना एक गालिचा देऊन टाकला होता. लाल जमीन, पांढरी वेल, काठाला गोंडे. त्या डोंगरातल्या पावसानं त्याला बुरशी आली होती. आजोबांनी तो एसटीच्या टपावर टाकून नगरला पाठवला आणि निरोप दिला, तुम्ही यातलेच आहात, धुऊन आणा, साखरपुड्याला दोन्हीकडची माणसं यावरच बसतील.

साडूंनी सोगा घासला. सोगा गुलाबी झाला.

तेव्हा त्यांचं तोंड मी पाहिलं. माणसाच्या तोंडावरचा रंगसुद्धा असा उतरतो हे मला ठाऊक नव्हतं. "न धुता परत पाठवा," मी म्हणालो. ते म्हणाले, "बुरशीचा वास येतोय. सासऱ्याला एवढं जमलं न्हाई म्हणतील." "मग धुवा." "रंग सुटला तर पोरीचं मोडलं म्हणून समजा." एवढंच दिवसभर त्यांचं चाललं. मुलीच्या आईनं हात जोडले, मुलीनं समजावलं, "अण्णा, गालिच्यावरून कुणी लग्न मोडतं का?" तर ते म्हणाले, "पहिलं कशावरून मोडलं सांग." पहिलं खरोखरच चहात साखर कमी पडल्यावरून मोडलं होतं.

शेवटी धुवायचं ठरलं. रंग धरून ठेवायला ते नेहमी खड्याच्या मिठाचं पाणी वापरायचे, मूठ-दोन मूठ. त्या दिवशी माझ्या गोठ्यात जनावरांसाठी ठेवलेलं मिठाचं अख्खं पोतं त्यांनी हौदात रिकामं केलं. रिठ्याच्या पाण्यानं धुताना खरारा त्यांच्या हातून दोनदा निसटला. आणि शेवटी स्वच्छ पाण्यानं मीठ काढून टाकायचं, तिथं ते अडले. आणखी पाणी लागलं तर रंग सुटेल म्हणाले. मीठ राहू द्या. मी सांगितलं, असं करू नका. त्यांनी ऐकलं नाही. मीसुद्धा एकदा सांगून झालं की दुसऱ्यांदा सांगणारा माणूस नाही.

गालिचा खळ्यावर पसरला. ओल्या गालिच्यात रंग सुटलेला कळत नाही, वाळता वाळता वर येतो. एरवी ते वाळेपर्यंत छत्री घेऊन शेजारी बसायचे, कावळा फिरकू द्यायचे नाहीत. त्या दिवशी त्यांना बघवेना. गालिच्याकडं पाठ करून चरकाला टेकून बसले, डोळे मिटून. मी जाऊन बघून आलो, पांढरी वेल पांढरी होती, तसं त्यांना सांगितलं आणि भाकरी खायला घरात गेलो. भाकरी खाऊन बाहेर येतो, तर साडू तसेच पाठमोरे, आणि त्यांच्या मागं माझी म्हैस दावं तोडून खळ्यावर उभी, मान खाली घालून, डोळे अर्धे मिटून, गालिच्याचा कोपरा मन लावून चाटतेय. खर्र, खर्र. साडू तो आवाज ऐकत होते. त्यांना वाटलं, मीच खरारा फिरवतोय.

म्हैस माझी होती, हे खरं. पण मीठ त्यांनी घातलं होतं, आणि मिठाला कुठली म्हैस नाही म्हणेल? ती गरीब होती, दुधाला चांगली होती, तिच्यावर बोल मी येऊ देणार नाही. पण म्हशीची जीभ म्हणजे कानस. कोपऱ्यावर भाकरीएवढ्या जागेतली लोकर जाऊन खालचे दोरे उघडे पडले होते, आणि दोन गोंडे तिच्या पोटात गेले होते.

मी म्हशीला हाकललं तेव्हा साडू मागं वळले. खाली बसून त्या उघड्या जागेवरून हात फिरवत राहिले, आजारी लेकराच्या कपाळावरून फिरवतात तसा. मला बघवेना, म्हणून मी थट्टा केली. म्हटलं, "साडू, उरलेले तीन कोपरेपण तिच्याकडून चाटून घेऊ. नक्षी वाटंल." त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "चाटंल का ती?" ते खरंच विचारत होते. मी जन्मात कुणाला भ्यालेलो नाही, पण एवढी भीती शेजारी बसली की ती अंगावर येतेच.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी गालिचा घेऊन साडू आणि मी अकोल्याला निघालो. एसटीत मी त्यांना पढवलं, "टपावर घुशीनं कुरतडलं म्हणायचं. एवढंच. पुढचं मी बोलतो." ते मान हलवत होते. अकोल्याहून पुढं जीप, वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला दरी. साडूंनी गालिच्याच्या गुंडाळीला मिठी मारली होती, आणि दरीकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

मुलाच्या घरी जय भीम झाला, पाणी झालं. गालिचा ओसरीवर उलगडला. लाल लालाच्या जागी, पांढरं पांढऱ्याच्या. सगळे वा वा म्हणाले. आजोबा उठले, वाकून कडेकडेनं हात फिरवत निघाले, आणि त्या कोपऱ्याशी आल्यावर त्यांचा हात थांबला.

"हे काय?"

मी घूस म्हणायला तोंड उघडलं, तोवर साडू बोलून गेले. "म्हशीनं चाटलं."

"कुणाच्या?"

"यांच्या," म्हणून त्यांनी माझ्याकडं बोट केलं. सगळी ओसरी माझ्याकडं बघायला लागली.

"रंग सुटंल म्हणून मी लई मीठ घातलं," साडू म्हणाले. आवाज सरळ होता. "भ्यालो हुतो. धुतलं न्हाई नीट. चूक माझी हाय, पोरीची न्हाई. तिला यातलं बोलू नगा."

आजोबांनी हातातली काठी भिंतीला लावली, त्या उघड्या कोपऱ्यावर मांडी घालून बसले आणि धोतर सारखं केलं.

"दिसतंय का आता?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," साडू म्हणाले.

"मग उद्या मी हितंच बसतो."

दुसऱ्या दिवशी मंडळी जमली, वंदना झाली, साखर वाटली, मुलीला साडी नेसवली, आणि म्हातारा त्या कोपऱ्यावरून हलला नाही. पंगत बसली तेव्हा त्यांचं ताट तिथंच आणून दिलं.

लग्न होऊन मुलगी अकोल्याला गेली. मला वाटलं, आता साडूंचं भिणं कमी होईल. गालिच्यांच्या बाबतीत झालंही. नंतर नंतर ते सोगा एकदाच घासायचे. पण मुलगी माहेराहून परत निघाली की एसटी हलल्यापासून त्यांच्या जिवात जीव नसायचा. घाट आहे, पाऊस आहे, दरड आहे, ड्रायव्हर झोपला तर. त्या गावात एका किराणा दुकानात फोन होता. स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर साडू बसून राहायचे, पोचली म्हणून दुकानदारानं सांगेपर्यंत. मी चिडवायचो, "अहो, एवढी माणसं रोज जातात त्या घाटानं." ते म्हणायचे, "त्यांची माणसं बसली असतील की कुठंतरी."

साडू मागच्या उन्हाळ्यात गेले. मुलगी दिवसकार्याला आली, राहिली आणि परत निघाली. मी तिला एसटीत बसवून दिलं. खिडकीतून ती म्हणाली, "काका, घरी जा, उगाच थांबू नका." मी म्हटलं, "मी कशाला थांबतोय? म्हशीला पाणी पाजायचं आहे." गाडी गेली. अकोल्याच्या बाजूला आभाळ भरून आलं होतं. मी बूथवर जाऊन बसलो. संगमनेर गेलं असेल, असं मनात धरत होतो, आता अकोलं, आता घाट लागला असेल. बूथवाल्यानं विचारलं, "बाबा, लावू का फोन?"

म्हटलं, "अजून पोचायची आहे. पण लावून ठेव."