मावशींचं ऊन

इंदूरवर हिवाळ्यात जे काही ऊन पडतं, ते माझ्या बायकोच्या मावशींना विचारून पडतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. राजेंद्र नगरातल्या त्यांच्या बैठ्या घरात उन्हाचा एक कवडसाही मी कधी रिकामा पाहिला नव्हता. अंगणात ऊन आलं की आधी पाणी तापायला काळ्या रंगवलेल्या बादल्या, मग गोधड्या, मग आवळ्याच्या फोडी, असे सगळे आपापल्या पाळीने उन्हाला बसतात. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मी नव्या जावयाच्या ऐटीत अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. मावशी बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं आणि अदबीने म्हणाल्या, "जावईबापू, थोडं सरकता का? लिंबाच्या लोणच्याची धूप अडतेय." मी निमूट सरकलो.

स्वयंपाकघरातही तेच. शेवटची पोळी उतरली की गरम तव्यावर कढीपत्ता वाळतो. बटल्याच्या, म्हणजे मटारच्या, शेंगा सोलल्या तर सालांचीही भाजी होते, आणि वाईट म्हणजे ती चांगली लागते. कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बंद, आणि कुकर गोधडीत गुंडाळून ठेवायचा. डाळ आतल्या आत शिजते. एकदा दुपारी मी आडवा झालो असताना पायाशी छान ऊब लागली. सासरी आपले किती लाड होतात या विचाराने मी सुखावलो, तेवढ्यात मावशींचा आवाज आला, "पाय गरम राहतात आणि डाळपण होते. फक्त लाथ नका मारू."

मग दोन वर्षांपूर्वी पूर्वेच्या प्लॉटवर तीन मजली इमारत उभी राहिली आणि ओसरीवरचं सकाळचं ऊन बंद झालं. बादल्या, बरण्या मावशींनी गच्चीवर नेल्या, पण काकांना, म्हणजे मावशींच्या यजमानांना, नेता येईना. त्यांची छाती अधू, चार पायऱ्या चढले तरी दम लागायचा, आणि डॉक्टरांनी तर सकाळचं ऊन रोज घ्यायला बजावलेलं. पहिल्या आठवड्यातच काकांचा खोकला वाढला. आम्ही सगळे हीटर आणा म्हणून मागे लागलो. मावशी मात्र दोन दिवस अंगणात उभ्या राहून नुसतं बघत होत्या. समोरच्या कंपाउंडच्या भिंतीच्या माथ्यावर तेवढं हातभर ऊन पडत होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या लग्नातल्या गंजलेल्या कपाटाचा आरसा काढला, जुन्या साडीच्या चिंध्यांनी भिंतीवर बांधला आणि ऊन थेट ओसरीवर, काकांच्या खुर्चीत उतरवलं. पहिल्या प्रयत्नात ते इमारतीवर काम करणाऱ्या मिस्त्रीच्या डोळ्यांत गेलं. "भिया, पाँच मिनिट उधर मुँह कर लो, अंकलजी की धूप सेट कर रही हूँ," मावशींनी खालून सांगितलं, आणि तो बिचारा खरोखरच पाठ करून उभा राहिला. मी थक्क होऊन बघत राहिलो. इतकी वर्षं मी इंजिनिअर म्हणून पगार घेतोय, पण मला हे सुचलं नव्हतं.

ऊन सरकायचं, त्यामुळे दर थोड्या वेळाने काका पेपरातून हाक मारायचे, "अगं, कानावर आलं." मावशी कणकेच्या हातांनी येऊन आरसा अंगठाभर फिरवायच्या. "आमचं सूर्याशी डायरेक्ट बोलणं नाही," काका मला म्हणाले होते, "सगळं हिच्यामार्फत." तो हिवाळा त्यांनी काढला, पुढचाही काढला.

गेल्या पावसाळ्यात काका गेले.

परवा थंडीत गेलो तर आरसा भिंतीवर होताच. ओसरीवरच्या खुर्चीत ऊन पडलेलं, आणि मावशी बाजूला सावलीत शाल पांघरून बटले सोलत बसलेल्या. इतक्या वर्षांची शिकवण. मी आवळ्यांचं ताट उचललं आणि खुर्चीवर ठेवलं. मावशी उठल्या. ताट उचलून त्यांनी खाली सावलीत ठेवलं. "तिथे नको," एवढंच म्हणाल्या.

मग त्यांचं लक्ष गेलं, कवडसा खुर्चीच्या हातावर सरकला होता. त्या भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी आरसा अंगठाभर फिरवला.