एकसष्टची पहिली बाटली

रोज सकाळी तळघराचं दार ढकललं की आन्सेल्म कास्तें पहिल्या पिंपावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचा आणि म्हणायचा, "काय मंडळी, झोप झाली का?" मग कान लावून ऐकायचा. लाकडानं किती वाइन पिऊन टाकली, वरून किती भर घालावी लागेल, हे त्याला आवाजावरून कळे. त्याची मुलगी ओदिल लहानपणी दाराशी उभी राहून पिंपांच्या उत्तराची वाट पाहायची. आता तिशीला आलेली ओदिल त्याच तळघरात त्याच्या हाताखाली काम करत होती.

पण तळघरात कानापेक्षा नाकाला मान. व्हेर्नासच्या द्राक्षमळ्यावर चाळीस वर्षं अखेरचा शब्द आन्सेल्मच्या नाकाचा होता. ते जपायचं म्हणून त्यानं दाढीनंतर कधी अत्तर लावलं नाही. लग्नातसुद्धा कोटाला फूल लावू दिलं नाही, यावरून ओदिलची आई मरेपर्यंत त्याला टोमणे मारायची.

त्या हिवाळ्यात तापानं ते नाक नेलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. एकदा चुलीवर दूध करपून घरभर वास सुटला आणि तो शेजारीच पेपर वाचत बसलेला दिसला, तेव्हा ओदिल समजली. तिनं गुपचूप भांडं घासून टाकलं.

मार्चमध्ये एकसष्टच्या बाटल्यांची बुचं बदलायचा दिवस आला. एकसष्ट साली कडाक्याच्या थंडीनं कोवळे कोंब जळाले होते. जे थोडे घड वाचले, त्यांच्यात वेलींनी सगळं बळ ओतलं. त्याच साली ओदिल जन्मली. आता मळ्यावर त्या वाइनच्या एक्केचाळीस बाटल्या उरल्या होत्या. तीस वर्षांत बुचं थकतात, बाटलीतली पातळी खाली येते. मग त्याच सालची एक बाटली फोडून तिच्यातली थोडी थोडी वाइन बाकीच्यांत घालायची आणि नवी बुचं ठोकायची. ती एक बाटली बुचाच्या दोषानं नासलेली असली, तर चाळीसही गेल्याच. म्हणून ती आधी आन्सेल्म पारखायचा.

मळ्याच्या मालकीण मादाम लाकोसाद शाल गुंडाळून खुर्चीत बसल्या होत्या. आन्सेल्मनं बूच काढलं, पेल्यात घोटभर ओतली आणि नाक आत घातलं. ओदिलचा जीव टांगणीला लागला. तो "चांगली आहे" म्हणाला आणि तशी नसली, तर? आणि आपण चारचौघांत त्याला खोटं पाडलं, तर?

"काय आन्सेल्म? आज फार वेळ लागतोय," मादाम म्हणाल्या. "झोप लागली की काय?"

त्यानं पेला खाली ठेवला आणि ओदिलकडे न बघताच तो तिच्यापुढे सरकवला.

"हिला विचारा, मादाम. एकसष्ट हिचं साल आहे. ज्याचं साल त्यानं आधी पारखायचं, अशी रीतच आहे आपल्याकडे."

अशी कुठलीही रीत नव्हती. मादामनी आन्सेल्मकडे पाहिलं, मग पेल्याकडे.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "मी विसरलेच होते. घे गं मुली."

ओदिलनं वास घेतला. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. त्याच्यामागे कुठेतरी दूर, बंद दाराआडून बोलल्यासारखी वाइन.

"ही नको."

"नक्की?" आन्सेल्मनं विचारलं.

"नक्की, बाबा."

"मग दुसरी फोड."

दुसऱ्या बाटलीला मनुकांचा, जुन्या लाकडी कपाटाचा आणि ओल्या मातीचा वास होता. ओदिलनं होकारार्थी मान हलवली. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस बाटल्यांना नवी बुचं बसली.

घरी जाताना आन्सेल्मच्या कोटाचा खिसा फुगलेला होता.

"ती नासकी घेऊन आलास?"

"ओतून कशाला द्यायची? तुझ्या वयाची आहे." तो हसला. "आणि मला कुठे वास येतो!"

सूप संपत आल्यावर त्यानं तिकडच्या जुन्या पद्धतीनं तळाशी उरलेल्या रश्श्यात वाइन ओतली, दोन्ही हातांनी वाडगा उचलला आणि तृप्त होऊन मिशा पुसल्या. आठवडाभर ती बाटली त्याला पुरली. ओदिल समोर बसून नाक मुरडायची, तो तिला मुद्दाम वाडगा पुढे करायचा.

नंतर तळघराच्या किल्ल्या ओदिलकडे आल्या. सकाळची टकटक मात्र त्यानं सोडली नाही, आणि त्याची ती खोटी रीतही मळ्यावर टिकली: सत्तरची बाटली उघडताना सत्तरात जन्मलेल्या स्वयंपाकिणीला हात धुऊन बोलावून आणलं गेलं.

आठ वर्षांनी, एका जानेवारीत, तो झोपेतच गेला. त्या संध्याकाळीही त्यानं वाडगा दोन्ही हातांनी रिकामा केला होता, आणि उठता उठता म्हणाला होता, "आज मीठ कमी पडलं गं, ओदिल."