अठ्ठ्याण्णव अंश

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतोय? कोण जाणे.

तीस वर्षं मी बुलडाण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोगवहीतलं 'निरीक्षण' मी प्रयोगाआधीच फळ्यावर लिहून द्यायचो. आधी उत्तर, मग बर्नर! सगळेच मास्तर तसं करायचे — पण सगळ्यांचं कशाला, मी माझं सांगतो.

आठवीचा वर्ग. पाणी किती अंशाला उकळतं, हा प्रयोग. फळ्यावर मी शंभर लिहून ठेवले होते. शुभांगी नावाची एक अबोल मुलगी वही घेऊन आली. वहीत अठ्ठ्याण्णव.

"सर, मले अठ्ठ्याण्णवच दिसून राह्यले. तीनदा पाह्यलं."

मी उठून तापमापी बघितली. पाणी खदखदत होतं आणि पारा अठ्ठ्याण्णववर ठाम. असं का, मला ठाऊक नव्हतं — आणि 'ठाऊक नाही' एवढे दोन शब्द पोरांपुढे तोंडातून निघेनात. मग काय केलं मी?

"पुस्तकापेक्षा तुले जास्त दिसते काय वं?"

वर्ग खो खो हसला. तिचा आकडा मी लाल पेनानं खोडला, दहा वेळा 'शंभर' लिहायला लावलं. तिनं लिहिलं. बरी जिरवली, असं वाटलं मला. हो, असंच वाटलं.

चार दिवसांनी कॉलेजचं जुनं पुस्तक उघडलं. उंचावर पाणी कमी अंशाला उकळतं. मी घाटाखालचा, जळगाव जामोदचा. दर दिवाळीला गावाहून परतताना एस.टी. घाट चढायची, माझ्या कानात दडे बसायचे — आणि आपली शाळा घाटावर आहे हे मला सुचू नये? वर्गात कबूल करायला एक मिनिट लागलं असतं. मी धडा पुढे नेला. तिनं पुन्हा कधी काही विचारलं नाही.

परवा ती मेहकरच्या स्टँडवर भेटली. आता विज्ञान शिकवते. भर गर्दीत माझ्या पाया पडली.

"सर, तुमचीच पद्धत ठेवली मी. निरीक्षण आधीच फळ्यावर लिहून देते. पोरं चुकतच नाहीत."

शरमेनं माझी मान वर होईना. तरी मी 'शाब्बास' म्हणालो. तिची गाडी यायला अजून अर्धा तास होता. आम्ही पावसापाण्याचं बोलत बसलो.