प्लायवूडच्या अलीकडची अमेरिका

मास्तराला किस्से जमवावे लागत नाहीत, उत्तरपत्रिकांतून घरपोच येतात! वडीगोद्रीच्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत चहा आला की मी गठ्ठा सोडून मोठ्यानं वाचायचो. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मी स्टाफरूमचा हिरो होतो.

पलीकडं नववीचा वर्ग, मध्ये नुसतं प्लायवूड. डबे खाताना पोरांनी गोंधळ घातला की आम्ही त्यावर बुक्क्या मारायचो. मी वाचायला लागलो की मात्र नववी चिडीचूप. "माझा धाक!" असं मी सगळ्यांना सांगायचो.

*

यंदा नववीला मी प्रश्न टाकला: 'अमेरिका इंग्रजांपासून स्वतंत्र झालीच नसती तर?'

मुख्याध्यापक म्हणाले, "हे सिलॅबसमध्ये है का?"

"न्हाई सर, कल्पनेचा प्रश्न है."

"मंग कल्पनेची परवानगी कुणी दिली?"

*

शहागडहून येणाऱ्या गणेशनं लिहिलं, 'अमेरिका क्रिकेट खेळली असती आणि वर्ल्डकपात आपल्या डोक्याला अजून एक ताप झाला असता.'

गणिताच्या देशमुख मॅडमना चहाचा ठसकाच लागला.

*

त्याच्याच बाकावरच्या पोरानं लिहिलं, 'काही बिघडलं नसतं. आपल्या मराठवाड्यासारखी वर्षभर उशिरा स्वतंत्र झाली असती.'

याला मी पाचपैकी साडेचार दिले!

*

प्रज्ञा म्हणजे वर्गात पहिली. प्रश्न संपायच्या आत हिचा हात वर. तिनं लिहिलं, 'तिथले गुलाम लवकर सुटले असते, कारण इंग्रजांनी आपल्या वसाहतींतली गुलामगिरी अमेरिकेच्या आधी बंद केली.'

"घ्या! इंग्रजांना वकील मिळाली!" मी ओरडलो. स्टाफरूम खो खो हसली. मी लाल पेनानं शून्य दिलं.

त्या दिवसापासून प्रज्ञाचा हात वर येईना. मला वाटलं, मार्कांचा रुसवा असेल. पुढं धड्याची तयारी करताना एक जाड पुस्तक चाळलं, तर पोरीचं म्हणणं खरं निघालं. मीच न वाचता हसलो होतो. त्या शून्याकडं बघवेना.

*

दुसऱ्या दिवशी भर वर्गात म्हणालो, "प्रज्ञा, तुझं बराबर होतं. माझं चुकलं. पाचपैकी पाच."

ती उभी राहिली. खाली बघूनच म्हणाली, "सर, हे इथं नका सांगू. स्टाफरूममधून वाचा."

"तिथून कशाला गं?"

"वकील तुम्ही तिथूनच म्हणले होते. आम्ही डबे खाऊन राह्यलो होतो. इकडं समदं ऐकू येतं."