जागेवरची दाद

सीरियातल्या अलेप्पोत ऊद हे तंतुवाद्य वाजवणं एक वेळ सोपं, अलेप्पोकरांसमोर वाजवणं अवघड. इथला भाजीवालासुद्धा कान टवकारून ऐकतो आणि सूर केसभर हलला तर एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करतो. अशा गावात रुवैदा सब्बाघने निम्मं आयुष्य मुलांना ऊद शिकवला. मग लढाई आली. शिष्य देशोदेशी पांगले, नवरा गेला, आणि मुलगा वाएल जर्मनीत ब्रेमेनला स्थायिक झाला. दर शुक्रवारी फोनवर त्याचं एकच पालुपद असायचं, "आई, आता इकडे ये." तिला जायचं नव्हतं. तिथे ती कुणाची तरी सासू आणि आजी झाली असती, इथे ती उस्ताद होती.

अशात माँट्रियलहून लमीस नावाच्या बाईचा निरोप आला. तिकडे गेलेल्या अलेप्पोकरांच्या मुलांना इंटरनेटवरून ऊद शिकायचा होता. आणखी चारदोन शिक्षकांनाही विचारलं होतं. घरीच एक ध्वनिमुद्रण करून पाठवा, ऐकून ठरवू, असं तिचं म्हणणं.

रुवैदाने वाएलला सांगून टाकलं, "हे जमलं तर मी इथेच राहणार. नाही जमलं तर तिकीट काढ, मी निमूट येईन." फोन ठेवला आणि तिने लगेच ऊदाच्या तारा जुळवायला घेतल्या.

लग्नात लाउडस्पीकर भाड्याने देणारा निदाल हा तिचाच जुना, अर्धवट सुटलेला शिष्य. तो तीन माइक घेऊन आला. दुपारी गल्लीतला जनरेटर थंड व्हायला बंद ठेवतात, तेवढीच काय ती शांतता. नेमक्या त्याच वेळी खालच्या मजल्यावरचे अबू फय्याद कॉफीला आणि ऊद ऐकायला वर येत. जन्मभर मिठाई विकली, पण गावात त्यांची ओळख दर्दी म्हणून. मैफलीत असल्या माणसांना पुढे बसवतात आणि वाजवणारा त्यांच्याकडे बघत वाजवतो.

"अबू फय्याद, आज तोंडाला कुलूप," रुवैदाने बजावलं. "हूं नाही की चूं नाही. सगळं आत नोंदलं जातं."

"कॉफी तरी प्यायची ना?"

"प्या. फुरके मारू नका."

पहिला माइक नवाकोरा होता. "हा गोंगाट आपोआप पुसतो," निदाल अभिमानाने म्हणाला. पुसत होता खरा. पण तार छेडल्यावर स्वर विरत जातो ना, तो विरण्याआधीच छाटला जात होता. दुसरा लग्नातला, जाडजूड. अबू फय्यादांनी तो हातात तोलून निकाल दिला, "हाच घ्या. वजनदार आहे."

"कलिंगड नाही निवडत आपण," रुवैदा म्हणाली.

तो माइक वाद्याला अगदी चिकटून धरावा लागे. मग तारेवर नखी घासण्याचा आवाज असा येई, की कपाटात उंदीर शिरलाय असं वाटावं. तिसरा जुना आणि सडपातळ. त्याला वीज पुरवायला वेगळी पेटी लागे. गच्चीवरची कबुतरं, गळका नळ, बशीत टेकलेला कप, सगळं त्याने टिपलं.

"हा चुगलखोर आहे," तिने नाक मुरडलं.

तरी तिने त्याला वाद्याच्या भोकासमोरून हलवलं, कारण तिथे नुसती घुम येत होती. ऊदाची मान पोटाला मिळते तिकडे त्याचं तोंड केल्यावर लाकूड आणि तार दोन्ही नीट ऐकू आले. आवाज हवा तसा आला, पण वादनात जीव नव्हता. पुन्हा वाजवलं, माइक बदलून दुसऱ्या दिवशी वाजवलं, तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी तेच, मीठ नसलेल्या भातासारखं. ती कधी या माइकला दोष देई, कधी त्याला. नाचता येईना अंगण वाकडं, हे मनात येऊन ती आणखीच चिडे.

शेवटी निदाल म्हणाला, "उस्ताद, तुम्ही दर खेपेला वेगळं वाजवता आणि वेगळ्या माइकवर नोंदता. न्याय कसा होणार? एकच वादन दोन माइकना ऐकवू. कोण खोटं बोलतंय ते कळेल." लग्नातला माइक बाद झालाच होता. नवा आणि चुगलखोर शेजारी शेजारी उभे राहिले.

रुवैदाने सुरुवात केली. दाराजवळ अबू फय्याद ओठ घट्ट मिटून, शिक्षा झाल्यासारखे जमिनीकडे बघत होते. आलाप दूर गेला, रेंगाळला, आणि मग वळसा घेऊन अलगद मूळ स्वरावर उतरला.

"अल्ला!" म्हाताऱ्याच्या तोंडून दाद निघून गेली. "अल्ला, वाएलच्या आई!"

तिने डोळे वटारले, पण हात थांबला नाही. उलट मोकळा झाला. जनरेटर परत धडधडू लागेपर्यंत ती वाजवतच राहिली.

"सगळं वाटोळं केलंत," नखी खाली ठेवत ती म्हणाली.

"जागाच तशी घेतलीत. मी काय दगड आहे?"

निदालने आधी नवा माइक ऐकवला. आलाप उतरला, आणि पुढे काहीच नाही. गोंगाट समजून यंत्राने दाद साफ पुसली होती, आणि तिच्यासोबत स्वराचं शेपूटही.

अबू फय्यादांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी कचरा?"

मग चुगलखोर. त्यात आलाप उतरला आणि दाद आली, ती बरोबर दाराकडून, थोडी मागून, ते बसले होते तिथूनच. डोळे मिटले तर खोली दिसावी. आणि त्यानंतरचा ऊद निराळाच होता. रुवैदाने ते पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं, आणि तिला रडूच आलं. इतके दिवस ती माइकची परीक्षा घेत होती आणि ऐकणाऱ्याचं तोंड तिने स्वतःच बंद केलं होतं. तोंड बांधलेल्या माणसासमोर कोण जीव ओतून वाजवणार?

"पाठव हे," ती म्हणाली.

"आजोबांचं तेवढं कापू?"

"हात लावलास तर बोटं मोडीन."

उत्तरात लमीसने आपला आवाजच नोंदवून पाठवला. "बाई, माझे वडील अलेप्पोत शिंपी होते. बाकीच्यांचं ऐकताना ते गप्प होते. सगळं स्वच्छ होतं हो, सुंदर होतं. तुमच्या वादनात तो माणूस 'अल्ला' म्हणाला, आणि बाबाही म्हणाले, त्याच जागेला. मग म्हणाले, मुलांना हिच्याकडेच घाल. तिथे अजून कुणीतरी ऐकतंय."

अबू फय्यादांनी ते ऐकून घेतलं आणि खुर्ची दारातून उचलून थोडी पुढे सरकवली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी.

रुवैदाने शुक्रवारची वाट पाहिली नाही. तिने वाएलला फोन लावला.

"तिकीट काढ," ती म्हणाली.

वाएलने दबक्या आवाजात विचारलं, "कधीचं, आई?"

"ईदचं. तुझं काढ, आणि मुलांनाही घेऊन ये. त्यांना कुठे ‘अल्ला’ म्हणायचं ते शिकवायचंय."