आण्णाप्पाची पक्की बत्ती

निपाणीच्या आण्णाप्पाला सैल वस्तूचा मनस्वी राग. गाडीत काही जरा हललं, की कपाळावर आठी आणि हातात पाना! तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाली पोती, वाहणारी त्याची मॅटाडोर म्हणूनच कधी खडखडत नसे, आणि हे तो कुणी न विचारताही सांगे.

१९८२ साली त्यानं सौंदत्तीच्या जत्रेला बैलगाडीऐवजी मॅटाडोर न्यायचं ठरवलं. कारण एकच, राजाबाई आक्का. आईमागं त्याला वाढवणारी ही थोरली बहीण पूर्वी दर साल जत्रेला जायची. नंदगडला दिलेली तिची बालमैत्रीण तानीबाई तिथंच भेटायची. पण पुढं आक्काला रातांधळेपणा आला. एकदा जत्रेच्या तळावर चुलीत पडता पडता वाचली, आणि तेव्हापासून ती घरीच राहिली. "एकदा पुन्यांदा चुलीपाशी बायकांत बसाय मिळावं," एवढंच ती म्हणे.

आण्णाप्पानं गाडीत मागं बाक ठोकला, गादी घातली, वर बल्ब लावला. प्रश्न उरला बत्तीच्या बॅटरीचा. बाकाखाली पक्की बसवली, तर गाडी चालेल तशी आपोआप चार्ज होणार. कडीच्या पेटीत सुटी ठेवली, तर हवी तिथं उचलून नेता येणार.

"सुटीच बरी," बायको मनुबाई म्हणाली. "चूल काय गाडीत पेटनार न्हाय. मानसं जितं, तितं बत्ती पायजे."

"आन वाटंत कलंडली म्हंजे? ॲसिड सांडंल की! तुला न्हाय कळायचं त्यातलं."

मनुबाई गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे पटणं नव्हे, हे इतक्या वर्षांच्या संसारातही आण्णाप्पाला उमगलं नव्हतं. त्यानं चारी बोल्ट आवळले, वायर अगदी मापात कापून क्लिपांनी छताला घट्ट बसवली आणि स्वतःवर बेहद्द खूश झाला.

तळावर पोचेपर्यंत सांज झाली. डिझेलच्या गाडीजवळ चुली नकोत म्हणून सगळ्यांनी त्या पलीकडं, बैलगाड्यांच्या आडोशाला मांडल्या. पौर्णिमेचं चांदणं बाकीच्यांना पुरेसं होतं. आण्णाप्पानं ऐटीत बटण दाबलं. "बघ आक्का, दिवस केलाय तुज्यासाठनं!"

आक्का हसली. येणारेजाणारे डोकावून वाहवा करून गेले. तेवढ्यात नंदगडची गाडी आली, आणि जरा वेळानं चुलींकडून तानीबाईचा खणखणीत आवाज ऐकू आला. आक्का धडपडत उठली.

"अंधारात कुटं जातीस? तिलाच हिकडं बोलवतो," आण्णाप्पा म्हणाला.

"पावन्यागत भेटाय आलोय व्हय रं मी?" आक्का म्हणाली. "हितं नुसता माज्यावर उजेड हाय. मानसं तिकडं हायती. बाहेरचं मला काय बी दिसंना."

आण्णाप्पा चपापला. मनुबाईचं म्हणणं आत्ता कुठं त्याच्या डोक्यात शिरलं. त्यानं पाना घेतला. पण आवळताना जीव ओतलेला. बोल्ट जागचे हलेनात. घामाघूम होऊन, स्वतःलाच शिव्या हासडत त्यानं ते एकदाचे सोडवले. बल्ब आणि वायर ओढून काढताना नव्या रंगाचे टवके उडाले, तेही सोसले. बॅटरी पोटाशी धरून तो चुलींकडं निघाला. मनुबाई आक्काचा हात धरून मागून आली. 'मी म्हणत नव्हते?' असं ती म्हणाली नाही, आणि त्याला ती त्या घटकेला फार आवडली.

त्यानं एका बैलगाडीच्या जुवाला बल्ब टांगला, वायरी जोडल्या. लख्ख उजेड पडला. आक्का एकेक चेहरा निरखत गेली आणि तव्यापाशी बसलेल्या बाईवर तिची नजर थांबली.

"तानी! किती म्हातारी झालीस गं!"

"व्हय गं बाई, तू तेवढी तरनी राहिलीस!" तानीबाई म्हणाली आणि पिठाच्या हातानंच तिनं आक्काला कवटाळलं. दोघी हसता हसता रडल्या. आण्णाप्पा उगीचच वायर तपासत राहिला.

मग तानीबाईनं सरकून जागा केली. आक्का ऐसपैस मांडी घालून बसली, परात पुढ्यात ओढली आणि म्हणाली, "सर, आता मी थापते. तू भाज."